फ्रिज चांगला, सर्व्हिस भांडून मिळवावी लागते (आठ महिन्यांच्या वापरानंतर)

दिवाळीच्या सेलमध्ये कंपनीच्याच वेबसाइटवरून डबल डोअर फ्रिज घेतला. घरात पाच माणसं, गाव रत्नागिरी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. शेजाऱ्यांच्या वेगळ्या कंपनीच्या वॉशिंग मशीनची कथाही जवळपास हीच आहे.

फ्रिजबद्दल तक्रार फारशी नाही. आवाज कमी, भाजीचा कप्पा ऐसपैस, लाइट बिल आटोक्यात. दारात दोन लिटरची बाटली तिरकी बसते, एवढंच. चार तारे.

एप्रिलच्या उकाड्यात कूलिंग गेलं. फ्रीझरमधली सुरमई टाकून द्यावी लागली. वर्षभराची पूर्ण वॉरंटी चालू होती, म्हणून निर्धास्त होतो. फ्रँचायझीचा टेक्निशियन आला, मागे हात लावून बघितलं आणि म्हणाला, "गॅस संपलाय. स्टॅबिलायझर नाही ना तुमच्याकडे, म्हणून वॉरंटीत बसणार नाही. गॅसचे पैसे पडतील." 'स्टॅबिलायझरची गरज नाही' हा स्टिकर त्याच फ्रिजच्या दारावर! शिवाय फ्रिजमधला गॅस वापरून संपत नाही, सिस्टीम बंदिस्त असते. गॅस गेला म्हणजे कुठेतरी लीक आहे. ते न शोधता नुसता गॅस भरला असता, तर पुन्हा तेच झालं असतं.

जाताना त्याने ओटीपी मागितला. काम झालं याला ग्राहकाची संमती म्हणजे हा ओटीपी. काम झाल्याशिवाय तो अजिबात देऊ नका. मी दिला नाही, तरी संध्याकाळी 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा मेसेज आलाच. परत फोन केला की नवा तक्रार क्रमांक मिळायचा, म्हणजे कंपनीच्या हिशेबात तक्रार कायम ताजीच. कॉल सेंटरवरची मुलगी बोलायला गोड, पण तिच्या हातात काही नाही.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांचा मला खरा उपयोग झाला. ऑनलाइन विकणाऱ्या कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात, अशी मुदतही आहे. आमच्या कंपनीने हे पान वेबसाइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत ठेवलं होतं. बिल, स्टिकरचा फोटो, सगळे तक्रार क्रमांक आणि तो 'सोडवली' वाला मेसेज जोडून मेल केला. त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. हेल्पलाइन कंपनीला आदेश देऊ शकत नाही, तक्रार पुढे पाठवून पाठपुरावा करते. पण त्यानंतर कंपनीकडून आलेला फोन कॉल सेंटरचा नव्हता.

कोल्हापूरहून सीनियर इंजिनिअर आला. नायट्रोजन भरून लीक शोधला, जॉइंट पक्का केला, व्हॅक्यूम काढून गॅस भरला. एक रुपयाही घेतला नाही. स्टॅबिलायझरचं नावही काढलं नाही. ओटीपी फ्रिज गार झाल्यावर दिला.

एवढ्यावर भागलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार होतो. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय दिल्लीत असो की चेन्नईत. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, मुदत दोन वर्षांची. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज भरता येतो.

घेण्याआधी एक पाहा. 'दहा वर्षं वॉरंटी' हे मोठ्या अक्षरांत असतं, पण आमच्या कार्डावर ती फक्त कॉम्प्रेसरची आहे. पहिल्या वर्षानंतर गॅस, मजुरी, व्हिजिट चार्ज सगळं आपल्या खिशातून. म्हणूनच आता रोज एक्स्टेंडेड वॉरंटी विकणारे फोन येतात, आणि ते कधीही होल्डवर ठेवत नाहीत.

सर्व्हिसला एक तारा, तोही कोल्हापूरच्या इंजिनिअरसाठी.