लाल कापडाची रोजमेळाची वही : दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

२०२३ च्या लक्ष्मीपूजनाला चौरंगावर वहीच्या जागी मोबाइल ठेवणे सासूबाईंना मान्य नव्हते, म्हणून आदल्या आठवड्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून मी ही रोजमेळाची, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची, वही घेतली. लाल जाड कापडाची बांधणी, गुंडाळायला दोरी, बिनरेघी दोनशे पाने आणि किंमत ३२० रुपये. मी कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे खण, खणाच्या साड्या आणि ब्लाउजपीस घरून ऑनलाइन विकते. ऑर्डरी, पैसे आणि पार्सले यांचा सगळा हिशेब ॲपमध्ये आपोआप होत असल्यामुळे पूजेनंतर ही वही कपाटात जाणार, असेच मी गृहीत धरले होते. ती गेली नाही. आता दुसरी वही संपत आली आहे.

प्रथम कागदाविषयी. पाने पिवळसर व जाडसर असून साध्या बॉलपेनची शाई मागे उमटत नाही. शाईपेन मात्र वापरू नये, अक्षर पसरते. पानाला उभ्या घड्या घालून रकाने पाडावे लागतात. जुन्या पद्धतीप्रमाणे डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे (म्हणजे खर्च) एवढे दोन रकाने पुरतात, परंतु मी चार पाडते : तिथी, हातात आलेले पैसे, परत आलेली पार्सले, आणि चौथ्यात त्या दिवशी मी काय ठरवले ते. वहीवर तारखा छापलेल्या नाहीत ही काहींना उणीव वाटेल. माझ्या मते तोच तिचा सर्वांत मोठा गुण आहे, आणि तो मला एका मंद पंधरवड्यात कळला.

खणाची विक्री इंग्रजी तारखेने चालत नाही, तिथीने चालते. गौरी, घटस्थापना, दिवाळी, संक्रांत यांच्या आधी मागणी चढते आणि पितृपक्षात नवे कापड घेण्याचे अनेक घरांत टाळतात. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि पितृपक्ष १८ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर असा आला. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टलाच झाली आणि पितृपक्ष ८ ते २१ सप्टेंबर असा पडला. म्हणजे सप्टेंबरच्या ज्या दुसऱ्या आठवड्यात २०२४ साली घरोघरी गौरी बसल्या होत्या, त्याच आठवड्यात २०२५ साली श्राद्धे चालू होती. ॲप मात्र गेल्या वर्षीच्या त्याच तारखांशी तुलना करते, लाल रंगाचा खाली वळलेला बाण दाखवते आणि त्याच्याच खाली जाहिरातीचे बटण ठेवते. रात्री अकरा वाजता तो बाण पाहणाऱ्या माणसाला पंचांग आठवत नाही. आपला माल जुना झाला, फोटो वाईट आहेत, नोकरी सोडायला नको होती, असे सगळे एका दमात आठवते.

२०२४ च्या पितृपक्षात मी नेमकी तशीच घाबरले होते. वहीतली नोंद अशी आहे : ‘भाद्रपद वद्य नवमी. जमा शून्य. आरटीओ २. सगळ्या साड्यांवर २५ टक्के सूट लावली.’ (आरटीओ म्हणजे गिऱ्हाइकापर्यंत न पोचता परत आलेली पार्सले.) त्या पंधरा दिवसांत एकूण ११ ऑर्डरी आल्या आणि सूट लावल्यामुळे त्यांत फारशी भर पडल्याचे दिसत नाही. पुढच्या पानावर घटस्थापनेपासूनच्या पाच दिवसांत ४६ ऑर्डरी आहेत, कारण नवरात्राच्या रंगांसाठी खण हवेच असतात. परंतु सूट काढायची राहून गेली होती आणि त्यांतील बहुतेक साड्या मी जवळजवळ खरेदीच्या भावात दिल्या. चौथ्या रकान्यात मी फक्त ‘मूर्खपणा’ एवढे लिहिले आहे.

२०२५ मध्ये पितृपक्षाच्या पहिल्याच दिवशी हे पान उघडून समोर ठेवले. सूट लावली नाही. त्याऐवजी चौथ्या रकान्यात रोज एकच, स्वतःच्या हातात असलेले काम लिहिले : शिल्लक माल मीटरने मोजणे, सहा साड्यांचे फोटो उन्हात पुन्हा काढणे, वारंवार पार्सल परत येणाऱ्या पिनकोडवर सीओडी (पार्सल हातात आल्यावर पैसे देण्याची सोय) बंद करणे. चौदापैकी अकरा दिवस लिहिलेले काम झाले, तीन दिवस झाले नाही, आणि तेही तसेच लिहिले. ऑर्डरी १३ आल्या. आकडा गेल्या वर्षीपेक्षा फार मोठा नाही, पण तो पूर्ण भावाचा आहे, आणि मुख्य म्हणजे घटस्थापनेच्या सकाळी माझ्याकडे विकायला मालही होता आणि नफाही. धीर धरण्याविषयीची भाषणे मी पैसे देऊनही ऐकली आहेत. माझ्याच हस्ताक्षरातल्या त्या एका पानाइतका विश्वास त्यांपैकी कशानेही दिला नाही.

आता दोष. वही इतकी लांब आहे की पॅकिंगच्या टेबलावर उघडली की टेपचे रीळ हमखास खाली पडते. शोधण्याची सोय नाही, नक्कल नाही, बेरीज आपणच करायची. जीएसटीसाठी आणि कर सल्लागारासाठी ॲपमधलाच हिशेब लागतो, त्याला ही वही पर्याय नाही. सर्वांत मोठी तक्रार कापडाच्या रंगाची आहे. पहिल्याच पावसाळ्यात ओल्या हाताने उचललेली वही मी एका मोतिया रंगाच्या साडीवर ठेवली आणि काठाजवळ बोटभर लाल डाग पडला. साडी आता माझ्याच अंगावर असते. दुसऱ्या वहीच्या वेळी दुकानात हे सांगितले तेव्हा ‘तो रंग जातोच’ असे शांतपणे उत्तर मिळाले. प्लास्टिकचे वेष्टण मागितल्यास फुकट देतात. न मागता देत नाहीत.

आणखी एक मर्यादा मला आत्ता जाणवते आहे. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. त्या महिन्यात लग्ने नाहीत, म्हणजे बस्त्याची गिऱ्हाइके नाहीत. उलट धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण देताना लेकीची ओटी खणाने भरतात, म्हणजे थोडी विक्री कदाचित वाढेलही. मागचा अधिक श्रावण २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये येऊन गेला आणि माझी पहिली वही त्यानंतर नोव्हेंबरात सुरू झाली, त्यामुळे या एका बाबतीत दोन्ही वह्या गप्प आहेत. तिसरी वही आणली आहे, वेष्टणासकट. अधिक ज्येष्ठासाठी पंधरा पाने घड्या घालून कोरी ठेवली आहेत आणि पहिल्या पानाच्या चौथ्या रकान्यात पेन्सिलीने लिहिले आहे : ‘सूट नाही. ओटीचे खण वेगळे मोजून ठेवणे.’