डेक्कनवरचा सेलेनियम-जावा क्लास: इंटरफेससाठी तरी नक्की जा

मॅन्युअल टेस्टिंगमधून ऑटोमेशनकडे, म्हणजे सेलेनियम या टूलने ब्राउझर कोडमधून चालवून टेस्ट करण्याकडे, वळायचं म्हणून हा क्लास लावला. जावातल्या इंटरफेसची व्याख्या कॉलेजपासून पाठ होती, पण तो हवा कशाला हे कुणी सांगितलं नव्हतं. इथल्या सरांनी टीव्ही-रिमोटचं ठरलेलं उदाहरण दिलं नाही, याचेच निम्मे गुण! त्यांनी फळ्यावर आपण रोज डोळे झाकून टाइप करतो ती ओळ लिहिली: ‘वेबड्रायव्हर ड्रायव्हर = न्यू क्रोमड्रायव्हर()’. मग विचारलं, डावीकडे वेबड्रायव्हर का?

कारण वेबड्रायव्हर हा इंटरफेस. गेट, फाइंडएलिमेंट, क्विट या मेथड्स (ठरावीक काम करणारे कोडचे तुकडे) असतील एवढीच तो हमी देतो. काम करतात क्रोमड्रायव्हर, फायरफॉक्सड्रायव्हर हे जावातले क्लास, म्हणजे प्रत्यक्ष कोड असलेले भाग. आमची लॉगिनची टेस्ट फक्त वेबड्रायव्हर मागत होती. सरांनी एका ओळीत क्रोमच्या जागी फायरफॉक्स घातलं आणि टेस्टला हात न लावता ती चालली. वर बजावलंही, की एकच क्लास असेल आणि दुसरा येण्याची चिन्हं नसतील, तर उगाच इंटरफेस काढत बसू नका. हे आमच्या ऑफिसातल्या आर्किटेक्टला कुणीतरी सांगा.

नोट्स मात्र जुनाट. ‘इंटरफेसमधल्या मेथडला बॉडी (आतला कोड) नसते’ असं अजून छापलंय; २०१४ च्या जावा ८ पासून बॉडी असलेल्या डिफॉल्ट मेथड्स आहेत. एसी नावापुरता. रविवारची बॅच घ्या, शनिवारी दुसरे सर असतात आणि ते स्लाइड वाचून दाखवतात.