हातचा कुठे गेला?

माझी अख्खी नोकरी ऑडिटमध्ये गेली. त्यामुळे नातीच्या टॅबवर गणिताचं ॲप आलं तेव्हा मी आधी मुद्दाम चुकीची उत्तरं देऊन पाहिली. बरोबर उत्तराला टाळ्या काय, कुठलंही ॲप वाजवतं.

गणित होतं ३४ + २८. पर्याय तीन: ६२, ६३ आणि ५१२. मी ५१२ दाबलं, कारण दुसरीतली आमची नात आठवडाभर वहीत हेच लिहीत होती. चार नि आठ बारा, तीन नि दोन पाच, शेजारी शेजारी मांडलं की झालं! एककाच्या घरात बारा मावत नाहीत, दहांचा एक दशक करून पलीकडे द्यायचा, हे तिच्या डोक्यात शिरलेलंच नव्हतं. ॲपने काय केलं? लाल फुली, तोंड पाडून बसलेलं अस्वल, आणि पुढचं गणित. ६३ दाबलं तरी तेच अस्वल, तीच फुली. अहो, ६३ वाला मोजताना एकाने घसरलाय आणि ५१२ वालीला हातचाच माहीत नाही. दोघांना समजवायचं ते वेगवेगळं.

मग डोळे मिटून २० गणितं केली. ७ बरोबर आली, तीनातला एक पर्याय म्हटल्यावर तेवढी यायचीच. चुकलेल्यांना दुसरी संधी मिळते, त्यात आणखी ७. पालकांच्या अहवालात माझी अचूकता ७० टक्के, वर ‘छान प्रगती’! असा ताळेबंद माझ्या टेबलावर आला असता तर मी सही केली नसती.

आवाज स्पष्ट आहे, गणितं सोप्याकडून अवघडाकडे नीट जातात, तेवढं मान्य. पण पंधरा मिनिटांतली सहा मिनिटं नात अस्वलाच्या टोप्या बघत होती. मी घड्याळ लावलं होतं.

त्यानंतर ‘द मॅथ लर्निंग सेंटर’ या संस्थेचं ‘नंबर रॅक’ उघडलं. फुकट आहे, ब्राउझरमध्येही चालतं. तारेवर मणी, एका ओळीत दहा: पाच लाल, पाच पांढरे. बस्स. नेदरलँड्समधल्या आद्री ट्रेफर्स यांनी मुलांसाठी तयार केलेल्या मण्यांच्या पाटीचं, म्हणजे रेकनरेकचं, हे पडद्यावरचं रूप. गुण नाहीत, फुली नाही. प्रश्नसुद्धा विचारत नाही, तो शेजारी बसून आपणच विचारायचा. ज्यांना मुलाच्या हातात टॅब देऊन स्वतःची कामं उरकायची आहेत, त्यांच्या हे कामाचं नाही.

मी म्हटलं, आठ आणि सात. तिने वर आठ सरकवले, खाली सात. बोटाने मोजायला लागली, मध्येच थांबली. “आजोबा, लाल सगळे मिळून दहा झाले!” मग पांढऱ्यांकडे बघून, वर तीन, खाली दोन, “पंधरा.” वजाबाकीसाठी मणी झाकायचा पडदाही आहे. तो तिने मलाच कोडी घालायला वापरला आणि मी एकदा चुकलोही.

हातचा अजून पक्का नाही. पण परवा वहीत बारा लिहिता लिहिता हात थबकला, हे मी पाहिलं.

पहिलं ॲप काढून टाकू म्हटलं, तर रडारड. अस्वलाच्या जांभळ्या टोपीला अजून चाळीस नाणी कमी पडतायत म्हणे.