हेलिकल की प्लेटवाली? फ्रंट-व्हील ड्राइव्ह हॅचबॅकसाठी एलएसडी

एलएसडी म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल: एक चाक घसरलं तरी दुसऱ्या चाकाला जोर पोहोचवणारी यंत्रणा. आठवडाभर ऑफिसला जाणारी आणि रविवारी ट्रॅकवर उतरणारी गाडी असेल, तर माझं मत हेलिकलला. आत नुसते तिरक्या दातांचे गिअर. घासून संपणाऱ्या प्लेटा नाहीत, साधं गिअर ऑइल चालतं.

खोट एकच, पण मोठी. कमी पकड असलेल्या चाकाला जेवढा टॉर्क (फिरवणारा जोर) पेलतो, त्याच्या ठरावीक पटीपर्यंतच, समजा २.५ पट, हेलिकल दुसऱ्या चाकाला देते. वळणावर आतलं चाक कर्बवरून उचललं गेलं, की शून्याची अडीच पटही शून्यच! इंजिन बोंबलतं, गाडी ओढत नाही.

प्लेटवालीत प्रीलोडमुळे प्लेटा आधीच दाबलेल्या असतात, म्हणून चाक हवेत गेलं तरी जमिनीवरच्या चाकाला जोर मिळतो. रॅम्पचे, म्हणजे प्लेटा दाबणाऱ्या आतल्या उतारांचे, कोन बदलून ती ॲक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर किती जखडेल हेही ठरवता येतं. याचा मोबदला मनगटं देतात, कारण स्टिअरिंग हिसके मारतं. तेल वेगळं, तेही वारंवार बदला, प्लेटा झिजल्या की सगळं खोला. आणि सोसायटीच्या गेटात हळू वळताना असा कटकट आवाज येतो, की वॉचमन वाकून चाकाखाली बघतो.

मातीवर, खाचखळग्यांत पळवायची असेल तर मात्र प्लेटवालीच घ्या.