टूरिंग बाइक, काही महिन्यांनंतर: थकवा कुठून येतो आणि तो कसा कमी होतो

टूरिंग बाइकबद्दल कुणी विचारलं की पहिले तीन प्रश्न ठरलेले असतात: सीसी किती, टॉप स्पीड किती, ॲव्हरेज किती. दोन सिलिंडरची, सातशे सीसीच्या आसपासची, चेनवर चालणारी गाडी काही महिने लांबच्या पल्ल्यांवर चालवल्यानंतर मला चौथाच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. दिवसभर चालवून उतरल्यावर अंगात जीव किती उरतो? दमलेला माणूस ब्रेक उशिरा लावतो, वळणात नजर चाकापुढेच ठेवतो आणि गिअर चुकवतो. म्हणून गाडी किती दमवते, हा मला सुरक्षिततेचाच प्रश्न वाटतो. गाडीचं नाव देत नाही, कारण पुढे लिहिलेलं बहुतेक सगळं या वर्गातल्या कुठल्याही गाडीला लागू पडेल.

सुरुवात वाऱ्यापासून करते, कारण सगळ्यात जास्त दमवतो तो वारा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो. ताशी ५० ला अंगावर येणारी झुळूक ताशी १०० ला छातीवर ठेवलेला हात होते, आणि तो हात तासन्‌तास मागे ढकलत राहतो. त्याला तोंड द्यायला आपण नकळत हँडल घट्ट धरतो, मग मनगटं आणि खांदे दुखायला लागतात, आणि दोष मात्र सीटला देतो. गाड्या बनवणाऱ्यांनाही हे उमगायला वेळ लागला. १९७५ साली विक्रीला आलेली होंडाची पहिली गोल्ड विंग, जीएल१०००, उघडीच होती. तिला ना फेअरिंग (वारा अडवणारं पुढचं आवरण) होतं, ना सामानाच्या पेट्या. लांब जाणारे लोक अमेरिकन डिझायनर क्रेग व्हेटरचं विंडजॅमर फेअरिंग वेगळं विकत घेऊन तिला बसवत. कारखान्यातूनच फेअरिंग आणि पेट्या लावलेली इंटरस्टेट होंडाने १९८० साली आणली. बीएमडब्ल्यूने त्याआधी, १९७६ मध्ये, आर१००आरएसला विंड टनेलमध्ये (वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात) तपासून घडवलेलं पूर्ण फेअरिंग दिलं होतं.

माझ्या गाडीसोबत आलेली विंडस्क्रीन मात्र मला अजिबात पटली नाही. तिच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा नेमका हेल्मेटवर येऊन फुटायचा. ताशी ९० च्या पुढे हेल्मेट असं थरथरायचं की दूरच्या पाट्या धूसर दिसायच्या. मोठी स्क्रीन लावली की प्रश्न सुटतो, असं बहुतेक जण सांगतात. ते अर्धंच खरं आहे. स्क्रीन पूर्ण काढून एक चक्कर मारली तेव्हा छातीवर वारा वाढला, पण डोकं एकदम शांत झालं. सरळ येणारा स्वच्छ वारा परवडतो, भोवऱ्यात फिरून येणारा परवडत नाही. स्क्रीनच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि कडेवरून येणारी हवा त्या पोकळीत आत वळते, त्यातून हे भोवरे तयार होतात. म्हणून खालच्या बाजूने हवा आत येऊ देणारी फट असलेली स्क्रीन घेतली आणि तिची कड डोळ्यांच्या रेषेच्या थोडी खाली येईल अशी बसवली. पावसात रात्री स्क्रीनमधून पाहावं लागत नाही, वरून पाहता येतं. या एका बदलाने गाडी जितकी सुधारली, तितकी दुसऱ्या कुठल्याही खर्चाने सुधारली नाही.

वाऱ्याचं दुसरं रूप म्हणजे आवाज. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आत ९० डेसिबलच्या वर आवाज सहज जातो. तो इंजिनाचा नसतो, हेल्मेटच्या खालच्या कडेशी, मानेपाशी फाटणाऱ्या हवेचा असतो. महागडं हेल्मेटही त्याला पुरत नाही. कानांसाठी ८५ डेसिबल रोज आठ तास ही कमाल मर्यादा, आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी, अशी अमेरिकेतल्या एनआयओएसएच या संस्थेची शिफारस आहे. त्या हिशेबाने ९४ डेसिबलला एकच तास मिळतो. फोमचे साधे इअरप्लग वापरायला लागल्यापासून संध्याकाळचं डोकं जड होणं जवळपास बंद झालं. हॉर्न आणि सायरन ऐकू येतात. घोंघावणं तेवढं खाली जातं.

सीटची उंची ८३५ मिमी, माझी पाच फूट तीन इंच. दोन्ही टाचा टेकत नाहीत, चवडे टेकतात. सुरुवातीला बहुतेकांनी गाडी खाली करून घ्यायचा सल्ला दिला. मी तो मानला नाही आणि आजही मानणार नाही. सस्पेन्शन खाली केलं की वळणात झुकायची जागा कमी होते, गाडीचा तोल बदलतो आणि साइड स्टँडवर ती नको तितकी सरळ उभी राहते. त्याऐवजी सीटचा पुढचा भाग अरुंद करून घेतला. मांड्या कमी फाकतात, त्यामुळे पाय आपोआप खाली पोहोचतात. फोमही बदलला. मऊ सीट अर्धा तास छान वाटते, मग बूड खाली जाऊन टेकतं आणि सगळं वजन दोन हाडांवर येतं. थोडी कडक आणि रुंद बैठक लांबवर जास्त साथ देते.

आता सामान. या भागावर मी सगळ्यात जास्त बोलेन, कारण लोक इथेच सगळ्यात कमी लक्ष देतात. गाडीच्या पुस्तिकेत भारक्षमता दिलेली असते, माझ्या गाडीची १९० किलो आहे. आकडा मोठा वाटतो, पण त्यात मी, मागे बसणारी माझी बहीण, दोघींचे जॅकेट, बूट, हेल्मेट, पेट्या, पेट्यांचे स्टँड आणि आतलं सामान हे सगळं आलं. बेरीज केल्यावर सामानासाठी उरतं ते फारच थोडं. जड वस्तू पेट्यांच्या तळाशी आणि जितक्या पुढे जातील तितक्या पुढे ठेवायच्या. टॉप बॉक्स, म्हणजे सीटच्या मागची वरची पेटी, मागच्या ॲक्सलच्याही (चाकाच्या आसाच्याही) मागे लटकतो, त्यामुळे त्यातला प्रत्येक किलो तरफेसारखा काम करतो: मागचं दाबतो, पुढचं उचलतो. पुढचं चाक हलकं झालं की वेगात हँडल वळवळायला लागतं. आमच्या टॉप बॉक्समध्ये रेनकोट, हातमोजे आणि जास्तीचे कपडे एवढंच असतं. अवजारं खाली.

भार वाढला की प्रीलोडही, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगला आधीच दिलेला दाबही, वाढवायला हवा. प्रीलोड फिरवल्याने स्प्रिंग कडक होते, असा सार्वत्रिक समज आहे. तसं होत नाही. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो, फक्त गाडी किती उंचीवर बसते ते बदलतं. चालवणारा बसल्यावर सस्पेन्शनच्या एकूण हालचालीपैकी साधारण एक तृतीयांश दबलेली असावी, हा चांगला ठोकताळा आहे. दोघींनी आणि पेट्यांसह निघताना प्रीलोड न वाढवता पाहिलं, तर गाडी वळणात शिरायला आळस करते, आणि हेडलाइट वर उचलला जाऊन समोरच्याच्या डोळ्यांत जातो. माझ्या गाडीला प्रीलोडसाठी हाताने फिरवायची मूठ आहे. ही सोय नसती तर मी ही गाडी घेतली नसती. पाना शोधून, वाकून फिरवायचं असेल तर माणूस टाळतोच.

चेनबद्दल तक्रार करणारे खूप, आणि त्यातले बरेच जण चेनला छळणारेही असतात. टूरिंग गाडीला ओ-रिंगची किंवा एक्स-रिंगची चेन असते. पिन आणि बुशच्या मध्ये कारखान्यातच ग्रीस भरून रबराच्या रिंगांनी बंद केलेलं असतं. आपण बाहेरून लावतो ते रोलर, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) आणि रिंगांसाठी, शिवाय गंज चढू नये म्हणून. आतलं ग्रीस आपल्याला पुन्हा भरता येत नाही. म्हणून तारेचा ब्रश, पेट्रोल किंवा प्रेशर वॉशरची जवळून धार, यांतलं काहीही रिंगांना लागलं की चेनचं आयुष्य घटतं. मी रॉकेल, मऊ ब्रश आणि जुनं फडकं वापरते, नंतर ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइलचा पातळ हात. साधारण ५०० ते ७०० किलोमीटरला एकदा, पावसात चालवली असेल तर त्याच संध्याकाळी. ऑइल चालवून आल्यावर, चेन कोमट असताना लावायचं, खालच्या पट्टीच्या आतल्या बाजूने. चाक फिरताना ते बाहेरच्या दिशेने पसरत जातं. आणि इंजिन चालू ठेवून, गिअरमध्ये चाक फिरवत चेन कधीही पुसू नका. या प्रकारात माणसांची बोटं गेली आहेत. न्यूट्रल, इंजिन बंद, चाक हाताने.

चेन किती सैल हवी याचा आकडा पुस्तिकेत असतो, पण तो का असतो हे कळलं की मोजणं सोपं जातं. मागचा ॲक्सल, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्होट, म्हणजे तो वरखाली फिरतो तो बिंदू, आणि पुढचं स्प्रॉकेट एका रेषेत आले की चेन सर्वात जास्त ताणली जाते. भार टाकल्यावर गाडी त्या स्थितीच्या जवळ जाते. उभ्या गाडीवर छान घट्ट वाटणारी चेन दोन माणसं आणि पेट्या आल्यावर तारेसारखी ताणली जाऊ शकते, आणि मग गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर जोर येतो. किंचित सैल चेन आवाज करते, जास्त घट्ट चेन गाडीचं नुकसान करते. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजायचं आणि सर्वात घट्ट जागा धरून ताण ठरवायचा. स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्ही बाजूंना अगदी सारख्या असतीलच असं नाही, म्हणून चाक सरळ आहे की नाही ते मागून नजरेनेही पाहते.

या कामासाठी डबल स्टँड हवाच. कंपनीने तो दिला नाही, वेगळा घ्यावा लागला. लांब जाण्यासाठी म्हणून विकलेल्या गाडीला डबल स्टँड नसावा याचा मला अजूनही राग येतो. पंक्चर काढताना, सामान बांधताना, चेन पुसताना, प्रत्येक वेळी त्याचीच गरज लागते.

शाफ्ट ड्राइव्हची (चेनऐवजी फिरत्या दांड्याने चाक चालवणारी) गाडी घ्यावी का, हे मला बरेच जण विचारतात. गोल्ड विंगला पहिल्या मॉडेलपासून शाफ्टच आहे, आणि त्याची निगा म्हणजे ठरावीक अंतराने फायनल ड्राइव्हचं (मागच्या चाकापाशी असलेल्या गिअरचं) ऑइल बदलणं. त्या बदल्यात वजन वाढतं आणि थोडी ताकद वाटेत जाते. रोज शेकडो किलोमीटर, आठवडेच्या आठवडे जाणार असाल तर घ्या. माझ्या वापराला चेन पुरते, आणि ती पुसताना स्पोक, ब्रेक पॅड, नटबोल्ट आपोआप नजरेखालून जातात.

टायर मधोमध झिजतात. सरळ रस्त्यांवर जास्त चालवलं की मध्यभाग चपटा होतो, कडा गोलच राहतात, आणि वळणात झुकताना पायरीवरून पाय घसरावा तशी गाडी एकदम आत पडते. खाचा शिल्लक दिसतात म्हणून लोक तोच टायर रेटतात. मी थोडा आधीच बदलला आणि गाडी पुन्हा हलकी झाली. घेताना बाजूवरचे शेवटचे चार आकडे पाहा: २३२४ असेल तर २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. हवा नेहमी थंड टायरवर मोजायची. तापमान साधारण साडेपाच अंशांनी बदललं की दाब एक पीएसआयने बदलतो, त्यामुळे दुपारी तापलेल्या टायरवर मोजून हवा सोडली की रात्री टायर उपाशी राहतो.

इंजिनाबद्दल थोडक्यात. २७० अंशांचा क्रँक (ठोके असमान अंतराने पाडणारा) असल्यामुळे ठोके व्ही-ट्विनसारखे, म्हणजे व्ही आकारात बसवलेल्या दोन सिलिंडरच्या इंजिनासारखे, पडतात, खालच्या आरपीएमला ओढ चांगली आहे, आणि भरलेली गाडी घेऊन चढावर वारंवार गिअर बदलावे लागत नाहीत. पाच हजारांच्या आसपास पायाला बारीक झिणझिण्या येतात. एक गिअर वर टाकला की जातात. ऑइल जेएएसओ एमए किंवा एमए२ (मोटरसायकल ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलंच. हा दर्जा १९९८ पासून आहे आणि तो ओल्या, म्हणजे इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या, क्लचसाठीच ठरवलेला आहे. कारचं घर्षण कमी करणारं ऑइल घातलं तर क्लच घसरू शकतो. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, ओल धरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. भरलेल्या गाडीने लांब उतार उतरताना हा फरक लिव्हरमध्ये जाणवू शकतो.

हळू वेगात, वळून परत फिरताना, २१५ किलोंची गाडी खरी परीक्षा घेते. क्लच अर्धा सोडून, मागचा ब्रेक हलका धरून, जिकडे जायचं तिकडे मान वळवून रिकाम्या जागेत सराव केला की ती आज्ञाधारक होते. पुढचा ब्रेक अशा वेळी नको. पडलेली गाडी उचलायचंही तंत्र आहे, ताकदीपेक्षा त्याचाच उपयोग होतो: इंजिन बंद, गिअरमध्ये, उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड बाहेर. सीटला पाठ लावून खाली बसायचं, एक हात हँडलच्या मुठीवर, दुसरा मागच्या ग्रॅब रेलवर, आणि पाठ सरळ ठेवून लहान पावलांनी मागे रेटत उठायचं. माझ्याहून सडपातळ असलेली बहीणही हे करते. पेट्या आधी काढल्या तर आणखी सोपं.

पुढचं मोठं काम व्हॉल्व्ह क्लिअरन्सचं, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवलेली बारीक फट मोजण्याचं. गाडी शांत चालते म्हणून ते पुढे ढकलणाऱ्यांसाठी एवढंच: सैल व्हॉल्व्ह टकटक करतो, घट्ट झालेला काहीच आवाज करत नाही, आणि जळतो तो घट्टच. मोजणी इंजिन पूर्ण थंड असताना करायची असते, म्हणून गाडी आदल्या रात्रीच वर्कशॉपमध्ये नेऊन ठेवणार आहे, आणि प्रत्येक व्हॉल्व्हचा आकडा लिहून मागणार आहे.