परभणीतलं अर्ज-टायपिंगचं टेबल: काम चोख, एक शब्द तेवढा तपासा

पीकविम्याचा तक्रारअर्ज करायला हे टेबल चांगलं. गट नंबर, पीक, नुकसानीची तारीख, नुकसानीनंतर ७२ तासांत विमा कंपनीला दिलेल्या पूर्वसूचनेचा डॉकेट नंबर (नोंद क्रमांक), सगळं विचारूनच टाइप करतात.

सहीआधी मात्र मसुदा वाचा. 'दावा नाकारणे असमर्थ आहे' असं छापून येतं. असमर्थ म्हणजे ज्याच्यात ताकद नाही तो. इथं हवं 'असमर्थनीय', म्हणजे ज्याचं समर्थनच करता येत नाही असं. हा शब्द माणसाला नाही, निर्णयाला, विलंबाला, कपातीला लावा आणि कारण त्याच वाक्यात द्या: 'पूर्वसूचना मुदतीत असताना दावा नाकारणे असमर्थनीय आहे.' कारणाविना अर्ज नुसता रागाचा वाटतो. 'अक्षम्य' तर नकोच, तिथं माफीचा विषयच नाही. पोच घ्यायला दुसरी प्रत मागून घ्या.