तुळजापूर रोडवर माझे 24,500 रुपये कसे गेले

“ओ ताई, चाक हालतंय की तुमचं! पुढचं डावं!”

या एका वाक्यापायी मी 24,500 रुपये मोजले. लाजेपोटी तीन आठवडे शाळेत कुणाला सांगितलं नाही. परवा शाळेतले एक सर म्हणाले, त्यांच्या मेव्हण्यालाही त्याच रस्त्यावर असंच थांबवलं होतं, तो 6,000 देऊन सुटला. ते ऐकलं आणि डोकं फिरलं. मी तेव्हाच बोलले असते तर कदाचित त्याचे तरी वाचले असते. म्हणून आता सगळं लिहिते.

मी कालपरवा गाडी शिकलेली नाही. अकरा वर्षं चालवते. जुळे सोलापुरातून अठरा किलोमीटरवरच्या शाळेत रोज जाते-येते. मोहोळच्या अलीकडे भर उन्हात टायर मी एकटीने बदललेला आहे. 2014 ची स्विफ्ट आहे, सर्व्हिसिंग कधी चुकवलं नाही. ‘बाईला गाडीतलं काय कळतंय’ असं ज्यांच्या मनात आलं असेल त्यांनी वरचा मेव्हणा आठवावा. तो स्वतः मालवाहू टेम्पो चालवतो.

रविवार होता. आईचं वय 74. देवीचं दर्शन घेऊन आम्ही दोघी दुपारी परत निघालो. घाट उतरलो, तामलवाडीचा टोल मागे पडला. गाडी सत्तरच्या आसपास, रस्ता मोकळा. मागून मोटरसायकलवर एक जण आला, माझ्या खिडकीच्या बरोबरीने चालवत हात हलवायला लागला. काच खाली केली तर वरचं वाक्य. हाताचा पंजा डुगडुगवून दाखवला आणि पुढे निघून गेला.

इथेच मला कळायला हवं होतं. रोज रात्री मी हे डोक्यात फिरवते. तो माझ्या बाजूला होता, म्हणजे गाडीच्या उजवीकडे. दुभाजकाच्या बाजूने आला, त्याच बाजूने पुढे गेला. त्याला माझं पुढचं डावं चाक दिसलं कुठून? मध्ये अख्खं बॉनेट आहे. उजवं चाक म्हणाला असता तर एक वेळ ठीक. पण त्याने डावंच सांगितलं, कारण डावीकडे पुढच्या सीटवर म्हातारं माणूस बसलेलं त्याने पाहिलं होतं. आई बरोबर त्या चाकाच्या वर बसली होती. तो काय बोलतोय हे मी ऐकलं, तो कुठून बोलतोय हे पाहिलं नाही.

आणि माझे हात! स्टेअरिंग माझ्याच हातात होतं. एवढ्या लांबची सवारी, त्यात घाट, आणि स्टेअरिंगला कसलीही थरथर नव्हती. चाक खरंच हलत असेल तर ते आधी हाताला कळतं, मग रस्त्यावरच्या माणसाला. अकरा वर्षांच्या हातांवर मी विश्वास ठेवला नाही, एका अनोळखी माणसाच्या पंजावर ठेवला. आई म्हणाली, “थांब की बाई, बघून घे.” थांबले.

दोन मिनिटांत दुसरी मोटरसायकल. हा वेगळा, वयाने मोठा, कपाळाला गंध, हँडलला पान्यांची पिशवी. “काय झालं ताई? मी मिस्त्रीच आहे.” असा मिस्त्री आपोआप उगवतो तेव्हा काय समजायचं हे आपल्या सगळ्यांना माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण रविवार, आमच्या नेहमीच्या मिस्त्रींचं गॅरेज बंद, दोनदा फोन लावला तो उचलला नाही, आई शेजारी पदराने वारा घेत बसलेली. त्या क्षणी माहीत असलेलं काही आठवत नाही.

तो म्हणाला, “तुम्ही आतच बसा, स्टेअरिंग डावी-उजवी फिरवा, मी बघतो.” मी बसून स्टेअरिंग फिरवत राहिले, तो चाकापाशी वाकलेला. मग काळ्या तेलाने माखलेलं फडकं वर धरलं. “स्टेअरिंगचं ऑईल गळतंय. शॉकअपपण गेला. अशी नेऊ नका, चाक निघून जाईल. पुढे आमच्या ओळखीचं गॅरेज आहे, हळू माझ्या मागं या.”

मी त्याच्या मागे निघाले आणि गाडी खरंच खडखडायला लागली. तीसच्या वेगातसुद्धा पुढून ठकठक, स्टेअरिंग हलतंय. माझी उरलीसुरली शंका तिथे संपली. मी स्वतःलाच म्हटलं, बरं झालं वेळेत कळलं, देवीनेच वाचवलं.

पुढे ते शेड. आईला पंख्याखाली बसवलं, चहा दिला, मलाही तिकडेच बसवून ठेवलं. अडीच तास. जॅक लावला, चाकं काढली, हातोडीचे आवाज आले. एकदा उठून बघायला गेले तर “ताई, ग्रीस लागेल साडीला” म्हणून परत पाठवलं. ग्रीस लागू दे, साडी जाऊ दे, गाडीपासून हलू नका. जुने पार्ट मागितले तर एक पोरगा म्हणाला भंगारवाला घेऊन गेला, दुसरा म्हणाला कंपनीला परत द्यावे लागतात. दोघांची दोन उत्तरं माझ्या कानांवर एका मिनिटात पडली, तरी मी पर्स उघडली.

हिशेब असा सांगितला. दोन लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्या, 4,800. दोन लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधल्या छोट्या जोडदांड्या, 2,400. पुढचे दोन शॉकअप, म्हणजे धक्के शोषणारे, 7,600. स्टेअरिंग रॅकचं, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं चाकांपर्यंत नेणाऱ्या भागाचं, किट 6,500. अलायमेंट-बॅलन्सिंग, म्हणजे चाकांचे कोन आणि तोल जुळवणं, 1,200. मजुरी 3,500. झाले 26,000. घासाघीस करून 24,500 वर आणले आणि आपण काहीतरी वाचवलं असं मला वाटलं. 10,000 मोबाइलवरून दिले. पैसे घेणाऱ्याचं जे नाव स्क्रीनवर आलं ते शेडच्या पाटीवरच्या नावाशी जुळत नव्हतं. तेव्हाच थांबता आलं असतं. मग त्यांचाच पोरगा मला मोटरसायकलवरून एटीएमला घेऊन गेला, तिथून 10,000 काढले. उरलेले 4,500 आईच्या पिशवीतले. घरी कुळधर्म करायचा होता, त्यासाठी तिने पेन्शनमधून बाजूला काढलेले. बिल म्हणून वहीचं पान मिळालं. नाव नाही, जीएसटी नंबर नाही, फक्त आकडे.

तिसऱ्या दिवसापासून गाडी डावीकडे ओढायला लागली. सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं धरावं लागे, मधलं चिन्ह तिरपं. छोट्या खड्ड्यावर खडखड. पंधरा दिवसांनी पुढच्या टायरवरून हात फिरवला तर कडा करवतीसारख्या लागल्या. मग गाडी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. फोन का उचलला नाही म्हणून त्यांच्यावरच आधी चिडले. बिचारे भाचीच्या लग्नात होते.

त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली आणि मला खाली बोलावलं. टॉर्च माझ्याच हातात दिला. लोअर आर्म काळे कुळकुळीत, नवे दिसणारे. त्यांनी पान्याच्या टोकाने खरवडलं, रंगाखाली गंज. बुशच्या, म्हणजे जोडातल्या रबराच्या, भेगांत जुनी माती तशीच, तिच्यावरूनच स्प्रे मारलेला. लिंक रॉडचे नट कधी उघडलेच नव्हते, आट्यांवर गंज बसलेला, त्यावर रंग. शॉकअप नुसते पुसलेले. मिस्त्री म्हणाले, खरा गळलेला शॉकअप असा चकचकीत नसतो, तेलावर धूळ बसून चिखलासारखा थर होतो. आमच्या सोलापूरच्या धुळीत तर दोन दिवसांत होतो. फडक्यावरचं तेल फडक्यातूनच आलं होतं.

आणि स्टेअरिंगचं ऑईल? या गाडीचं पॉवर स्टेअरिंग इलेक्ट्रिक आहे, मोटरवर चालतं. त्यात तेलच नसतं. गळणार काय? रॅकला हातसुद्धा लावलेला नव्हता, रबरी बूट आणि त्यांचे क्लॅम्प मूळचे होते. मी 6,500 रुपये नसलेल्या तेलाचे दिले. गाडीसोबत मिळालेलं पुस्तक इतकी वर्षं माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून आहे. आपल्या गाडीचं स्टेअरिंग कसलं आहे, तेलाचं की इलेक्ट्रिक, एवढं आजच बघून ठेवा.

काम केल्याचं दाखवायला त्यांनी एकच गोष्ट खरोखर हलवली होती, टाय रॉडचा, म्हणजे रॅकपासून चाक वळवणाऱ्या दांडीचा, लॉक नट. त्याने चाकांचा टो, म्हणजे पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली असतात ते, बिघडला. गाडी ओढणं, टायर खाणं सगळं त्यातून. आणि रस्त्यावर ती खडखड एकाएकी कशी सुरू झाली? मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “त्यानं चाकाचे नट सैल केले असणार. तुम्ही आत बसलेल्या.” मी तिथेच स्टुलावर बसले. पैशांचं सोडा. हायवेवर, सैल नटांच्या चाकावर माझ्या आईला बसवून त्या माणसाने मला गाडी चालवायला लावली. ट्रक जात होते शेजारून.

गाडीत मुळात दोष होता तो लिंक रॉडच्या झिजलेल्या बॉलचा, जीव घेणारा नव्हे. जोडी 1,100, मजुरी 300, अलायमेंट 450. सगळे मिळून 1,850 रुपये. अलायमेंटची आधीची आणि नंतरची, दोन्ही प्रिंट त्यांनी न मागता दिल्या. जो प्रिंट देत नाही त्याला अलायमेंटचे पैसे देऊ नका.

मिस्त्रींनी मला त्याच दिवशी शिकवलं ते सांगते. चाक जमिनीवरून उचललं की वर-खाली धरून हलवायचं. ढिलाई लागली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवायचं. ढिलाई लागली तर टाय रॉड किंवा रॅकचं टोक. हे मिस्त्रीने तुमच्या हातांनी करून घेतलं पाहिजे. बोनेटचा कोपरा जोरात दाबून सोडा, गाडी एकदा वर येऊन बसली तर शॉकअप धड आहे, झुलत राहिली तर गेला. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा तपासा. ऐंशीच्या पुढेच स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुतेक बॅलन्सिंग, फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर डिस्क बघा. हे मला त्या रविवारी माहीत असतं तर!

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यांची नावं लिहीत नाही. पहिल्या ठिकाणी दीड तास बाकावर बसवून सांगितलं, जिथे थांबवलं ती हद्द आमची नाही. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, पैसे दिले ते शेड तिकडच्या हद्दीत. या रस्त्यावर जिल्हा बदलतो, ही माझी चूक का? नव्या कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर नोंदवून घेता येते. हे मी वाचून गेले होते, कलमाचा कागद छापून नेला होता. साहेबांनी तो हातात घेऊन बाजूला ठेवला. मग म्हणाले हे दिवाणी प्रकरण आहे, काम पसंत पडलं नाही म्हणून गुन्हा होत नाही. काम पसंत पडलं नाही? काम केलंच नाही हो! जुन्या पार्टला रंग मारून नव्याचे पैसे घेणं ही फसवणूक नाही तर भारतीय न्याय संहितेतलं कलम 318 कशासाठी आहे? आणि नट सैल करणं? त्यावर “कुणी पाहिलं का सैल करताना?” आणि शेवटी तो प्रश्न, “मॅडम, तुमचे मिस्टर कुठं आहेत? त्यांना पाठवा.” माझे पैसे, माझी गाडी, माझी आई. मिस्टर पुण्याला नोकरीला आहेत आणि त्या दिवशी गाडीत नव्हते. ते येऊन काय सांगणार?

बँकेत सांगितलं, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही. ज्याच्या खात्यात 10,000 गेले त्याचं नावसुद्धा पोलिसांच्या पत्राशिवाय द्यायला तयार नाहीत. पोलीस म्हणतात आधी नाव आणा.

अजून दोन गोष्टी. रोख देऊ नका. माझ्या 14,500 चा कुठेही माग नाही, पोरगा एटीएमच्या दारात उभा असला तरी नाही. आणि शेडच्या पाटीचा फोटो पैसे देण्याआधी काढा. शाळेतले ते सर आणि मी मिळून पुन्हा गेलो तेव्हा शेड होतं, पंखा होता, पाटी नव्हती. बसलेला माणूस म्हणाला, मी कालच भाड्याने घेतलंय. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते, 1915 वर फोन करूनही विचारता येतं. पण नोटीस पाठवायची कुणाच्या नावाने? वहीच्या पानाच्या?

आता नवरात्र येईल, मग कोजागरीला सोलापुरातून हजारो माणसं चालत तुळजापूरला निघतील, त्यांना आणायला घरच्या गाड्या जातील. गाड्यांत म्हातारी माणसं असतील. कुणी पंजा डुगडुगवून दाखवला तर थांबू नका. गाडी हाताला धड लागत असेल तर तशीच हळू पुढच्या पेट्रोल पंपावर किंवा टोलवर न्या, जिथे माणसं आणि कॅमेरे आहेत. तिथे स्वतः उतरून चाकाचे नट आधी बघा.

मिस्त्रींनी काढलेले दोन लिंक रॉड मी पोत्यात बांधून डिकीत ठेवलेत. गंजावर मारलेला काळा रंग त्यांच्यावर तसाच आहे. सोमवारी अर्धी रजा टाकून तिसऱ्यांदा ठाण्यात जाणार आहे. या वेळी पोतं त्यांच्या टेबलावर ठेवणार आणि पोचेचा शिक्का मिळेपर्यंत उठणार नाही. आई म्हणते, मीपण येते, नट सैल असलेल्या चाकावर मीच बसले होते.